तासाचा घोळ, सेलचा नव्हे

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी जुना विंडोज एक्सपीचा संगणक न्यूयॉर्कच्या वेळेवर ठेवलाय. मार्चमध्ये तो तासभर मागे पडला. हाताने काटा पुढे केला, तर एप्रिलमध्ये आपोआप आणखी तास पुढे! सेल बदलू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सेलला हात लावू नका. संगणकातला घड्याळाचा सेल (सीआर२०३२) संपला की तारीखच कुठल्या कुठे जाते, नेमका तास चुकत नाही. तुमच्या संगणकात नियम जुना आहे. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात; २००७ पासून ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं. त्याआधी हे एप्रिलच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी व्हायचं, आणि अपडेट न केलेला एक्सपी अजून तेच धरून बसलाय. इंटरनेटवरून वेळ जुळवूनही उपयोग नाही; वेळ बरोबर येते, पण दाखवताना नियम जुनाच लागतो. काटा हाताने सरकवलात तर मेलवरची वेळसुद्धा चुकते.

खरं तर इतक्या जुन्या विंडोजचा संगणक सुरक्षेसाठी नेटला जोडूच नये. विंडोज ११ असलेला घ्या, टाइम झोन भारताचाच ठेवा आणि कंट्रोल पॅनेलच्या ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘ॲडिशनल क्लॉक्स’ला ‘ईस्टर्न टाइम’ (न्यूयॉर्कची वेळ) निवडा. फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.