‘खरेपणाने उपासना’ : मनोभावे की आणखी काही?

रत्नागिरीच्या एका वाचक भगिनींच्या मंडळीत रविवारच्या शाळेतील मुलांसाठी एक छोटी पुस्तिका तयार होत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात “देव आत्मा आहे आणि त्याच्या उपासकांनी आत्म्याने व खरेपणाने त्याची उपासना केली पाहिजे” असे वचन आहे. त्याखाली सोपा अर्थ म्हणून “देवाची मनोभावे आराधना करावी” असे छापावे, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. ‘खरेपणाने’ आणि ‘मनोभावे’ हे एकच ना, आणि उपासना, आराधना, भक्ती, भजन या शब्दांत काही फरक मानायचा का, असे या भगिनींनी विचारले आहे.

‘मनोभावे’ हा सुंदर शब्द आहे, परंतु तो ‘खरेपणाने’चा अर्थ नव्हे, आणि या वचनाखाली तो छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण अशी की हे दोन शब्द आपल्या कानाला जवळचे वाटतात. “मनी नाही भाव, देवा मला पाव” ही म्हण ऐकत वाढलेल्या माणसाला खोट्या उपासनेची एकच खूण ठाऊक असते, ती म्हणजे मनात भाव नसणे. आणि मग साहजिकच खरी उपासना म्हणजे भाव दाटून येणे, डोळे भरून येणे, गाताना आवाज कापरा होणे, असे समीकरण तयार होते. म्हण चुकीची नाही. ओठांनी सन्मान करणारे पण अंतःकरणाने दूर असलेले लोक यशयाच्या ग्रंथात आहेत आणि येशूने त्याच वचनाचा आधार घेऊन आपल्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना खडसावले आहे. परंतु योहानातील ‘खरेपणा’ भावापाशी थांबत नाही.

मराठीत ‘खरा’ हा शब्द आपण कशाकशाला लावतो ते आठवून पाहावे. नाणे खरे असते, सोने खरे असते, साक्ष खरी असते, दस्तऐवज खरा असतो. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पारखणारा आहे आणि वस्तू त्या पारखीला उतरते की नाही हा प्रश्न आहे. वस्तूला आत काय वाटते हा प्रश्नच नाही. ‘प्रामाणिक’ हा आपला रोजचा शब्दही याच घरातला आहे, कारण तो ‘प्रमाण’ या शब्दापासून आला, आणि प्रमाण म्हणजे माप. मनोभावे केलेली गोष्ट करणाऱ्याच्या मनाकडे पाहते, तर खरेपणाने केलेली गोष्ट मापाला सामोरी जाते. मनोभावे खोटी साक्ष देता येते. खरेपणाने देता येत नाही.

मूळ ग्रीक वचनात येथे ‘अलेथेया’ हा शब्द आहे. याच शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू “मार्ग, सत्य व जीवन मीच आहे” असे म्हणतो, तेथेही मूळ शब्द अलेथेयाच आहे. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात एका ठिकाणी ‘खरेपणा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सत्य’ असे दोन शब्द आल्यामुळे ही दोन वचने एकमेकांकडे पाहत आहेत हे मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. भाषांतरकारांचा दोष म्हणून हे सांगत नाही, कारण “सत्याने उपासना” हे मराठीत अवघडच वाटले असते. परंतु शिकवणाऱ्याने मुलांना ही जोडणी दाखवून द्यायला हवी. व्याकरणाची आणखी एक बाब अशी की ग्रीकमध्ये ‘आत’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय एकदाच आले आहे आणि ते आत्मा व सत्य या दोहोंना मिळून लागते. त्यामुळे “आत्म्याने” आणि “खरेपणाने” अशा दोन वेगळ्या अटी नाहीत. “आत्म्यात व सत्यात” राहून केलेली ती एकच उपासना आहे. मराठीतल्या ‘ने’ प्रत्ययामुळे ते उपासनेचे साधन वाटते, मुळात मात्र ती उपासकाची राहण्याची जागा आहे.

या वचनाचा संदर्भ तर शब्दाहूनही बोलका आहे. येशू सूखार गावाजवळच्या विहिरीवर बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलत आहे. उपासनेचे ठिकाण म्हणून यरुशलेम खरे की गरिज्जीम डोंगर खरा, हा यहुदी आणि शोमरोनी यांच्यातला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद ती पुढे करते. परंतु त्याआधी, सतराव्या व अठराव्या वचनांत, एक लहान वाक्य येऊन गेलेले असते. “मला नवरा नाही,” असे ती म्हणते, आणि येशू तिच्या आयुष्याची सगळी गुंतागुंत तिच्यापुढे ठेवून, हे तू खरे सांगितलेस, असे तिला म्हणतो. तेथे जो ‘खरे’ हा शब्द येतो तो अलेथेयाचाच सख्खा भाऊ आहे. म्हणजे उपासनेतील खरेपणाचा विषय निघण्यापूर्वीच त्या बाईच्या तोंडून एक खरे वाक्य निघालेले आहे, अर्धे झाकलेले का होईना, आणि त्याची नोंद घेतली गेली आहे. मला हे फार मोलाचे वाटते. उपासनेचे ठिकाण कोणते, या प्रश्नाला उत्तर मिळण्याआधी स्वतःविषयी खरे बोलण्याचे ठिकाण त्या विहिरीच्या काठावर तयार झाले होते.

हिब्रू भाषेत सत्याला ‘एमेत’ म्हणतात आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो ‘आमेन’ हा शब्द त्याच धातूपासून निघालेला आहे. त्या धातूचा अर्थ पक्के असणे, भरवशाचे असणे असा आहे. आमेन म्हणताना आपण आपल्या प्रार्थनेच्या पक्केपणावर सही करत असतो, हे मुलांना सांगितले तर त्यांना ‘खरेपणा’ वेगळा समजवावा लागणार नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ‘उपासना’ म्हणजे उप अधिक आस्, जवळ बसणे. ‘उपवास’ म्हणजे जवळ राहणे, आणि त्याचाच झिजून ‘उपास’ झाला. ‘आराधना’ ही राध् या धातूवरून आली असून तिच्यात संतुष्ट करणे, प्रसन्न करून घेणे हा भाव आहे. मूळ ग्रीक वचनातल्या क्रियापदाचा अर्थ मात्र वाकून नमस्कार करणे, लोटांगण घालणे असा आहे, म्हणून शब्दशः पाहिले तर आपला ‘नमन’ त्याला सर्वांत जवळचा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपली शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो आणि त्याला ‘आध्यात्मिक सेवा’ म्हणतो. तेथील मूळ शब्द ‘लात्रेया’, ज्यात चाकरीचा अर्थ आहे. बायबलमध्ये उपासनेला एकच शब्द नाही. वाकणे आहे, चाकरी आहे आणि मराठीने आपल्या बाजूने त्यात जवळ बसणे घातले आहे. ही भर मला परकी वाटत नाही, कारण विहिरीवर तेच तर घडत होते.

‘आराधना’ या शब्दाबद्दल थोडे सावध राहावे, कारण कोकणातच त्याचे दोन अर्थ चालतात. वसईकडच्या कॅथॉलिक घरांत आराधना म्हटले की पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, गुडघे टेकून, बहुतेक वेळ मौनात, केलेली प्रार्थना डोळ्यांपुढे येते. नव्या प्रार्थनासभांमध्ये मात्र ‘स्तुती आणि आराधना’ म्हणजे वाद्यांच्या साथीने होणारा गाण्यांचा भाग. दोन्ही वापर रूढ आहेत आणि दोन्ही करणाऱ्यांच्या मनात श्रद्धाच आहे. परंतु मुलांच्या पुस्तिकेत ‘आराधना’ छापले तर गाणी संपली की आराधना संपली, असे मुले समजतील, आणि या वचनाला नेमके तेच नको आहे.

‘भजन’ आणि ‘भक्ती’ या शब्दांवर माझा विशेष जीव आहे. दोन्हींचा धातू भज्, आणि त्याचा जुना अर्थ वाटून देणे, वाट्याला येणे, सहभागी होणे असा आहे. भाग, विभाग, विभक्त हे सगळे त्याच कुळातले. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली की वाळूवर मासळीचे वाटे घातले जातात आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला त्यातले काही मिळते. भक्त म्हणजे असा वाटेकरी. ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी भाकर मोडून वाटणे आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘भक्ती’ हा शब्द दुसऱ्या धर्मातून उसना आणल्यासारखा वाटण्याचे कारण नाही. आपल्या भूमीतले शब्द या कामाला पुरेसे आहेत, असा विश्वास इथे जुना आहे. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ साली छापले गेले, तेव्हा त्यांनी नमनातच देवाला ‘सत्यवंता’ अशी हाक मारली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती दीक्षा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन सोडले नाही, उलट ते ख्रिस्ती देवळात आणले, आणि त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात.

एक घरची आठवण येथे सांगितली पाहिजे, कारण ‘खरेपणा’चा अर्थ मला कोशाआधी तिथे कळला. माझी आजी वसईजवळच्या गावात वाडी करीत असे आणि पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईला जात असे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिचे तिच्या धाकट्या जावेशी बिनसले होते. एका रविवारी मी तिच्याबरोबर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीला, गेलो. दाराशी तिने पवित्र पाण्यात बोटे बुडवली, कपाळापर्यंत हात नेला, आणि तसाच खाली घेतला. बोटे पदराला पुसून तिने मला बाकावर बसवले आणि ती आल्या पावली परत गेली. ती आली तेव्हा प्रवचन संपले होते. ती पुढे आली नाही, मागे खांबाजवळ उभी राहिली. घरी येताना मी विचारले तेव्हा, आपण जावेला पाण्याबाबत खोटे सांगितले होते आणि ते तसेच घेऊन आत कसे जायचे, एवढेच ती म्हणाली. जाऊ काय म्हणाली हे तिने सांगितले नाही. त्या दोघी पुढे कितीतरी महिने एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या, हेही खरे आहे.

वेदीजवळ दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन मी नंतर वाचले. त्याहून नंतर आमोस या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, केव्हा एकदा संपतो आणि आपण माप लहान करून, तराजूत खोट करून धान्य विकायला बसतो, अशी घाई झालेले व्यापारी त्याच्या आठव्या अध्यायात आहेत. ते सण पाळत होते, गाणीही गात होते, आणि कदाचित मनोभावेच गात असतील. परंतु त्यांचे माप खोटे होते, आणि त्यामुळे त्यांची उपासनाही. ‘प्रामाणिक’ या शब्दात लपलेले ‘प्रमाण’ येथे अगदी तराजूच्या रूपाने समोर येते.

याच कारणाने ‘मिस्सा’ हा शब्दही मला आवडतो. लॅटिन विधीच्या शेवटी लोकांना निरोप देताना जे वाक्य म्हटले जाई त्यातला हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी पाठवणे हा अर्थ आहे. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेचे दार उघडले, त्यानंतर आमच्याकडे विधी मराठीत आला, पण नाव तेच राहिले. ‘उपासना’ सांगते जवळ येऊन बस, ‘मिस्सा’ सांगते आता जा. आणि खरेपणाची पारख बहुतेक वेळा या दुसऱ्या शब्दानंतर, बाजारात आणि विहिरीवर होते.

तेव्हा पुस्तिकेत मूळ वचनातला ‘उपासना’ हाच शब्द ठेवावा. तो कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरांतल्या मुलांना ओळखीचा आहे. ‘खरेपणाने’ही ठेवावा, आणि सोपा अर्थ द्यायचाच असेल तर “काही न लपवता देवाजवळ बसावे, आणि तेथे जे बोललो तसेच बाहेर वागावे” असे लिहावे. ‘मनोभावे’ हा शब्द गाण्याच्या पानावर खुशाल वापरावा, तेथे तो शोभेल. सहकाऱ्याला “खऱ्या मनाने” हा मधला पर्याय सुचेल, परंतु तोही मी घेणार नाही, कारण त्यात पुन्हा खरेपणा फक्त मनाला चिकटतो आणि हात, जीभ व तराजू मोकळे सुटतात.