गरोदर बायांच्या याद्या करणं हेही डॉक्टरचंच काम

प्रश्न : मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. सध्या नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर बॉन्डचं म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष करते आहे. नीट-पीजीला (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला) रेडिओलॉजी मिळेल इतकी हुशार आहे. पण तिला कम्युनिटी मेडिसिन (समाजाच्या आरोग्याची शाखा) घेऊन पुढे जिल्हा आरोग्य अधिकारी व्हायचंय. रविवारीसुद्धा गरोदर बायांच्या याद्या करत बसते. हे काय डॉक्टरचं काम आहे? चार लोकांत काय सांगू? दोन महिने मी तिच्याशी बोलणं टाकलंय. प्रशासनच करायचं, तर हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए तरी कर म्हणावं. तुम्ही तिला समजवा.
– जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक

गुरुजी, तिला समजावण्यासारखं मला काही सापडलं नाही. काळजी वाटली ती तुमच्या अबोल्याची. मुलगी दुर्गम भागात राहते, रात्री-अपरात्री बाळंतपणं करते, आणि वडील तिचा फोन घेत नाहीत. तिचा गुन्हा काय, तर सगळ्यांना हवी असलेली शाखा तिला नको आहे. घरच्यांच्या धाकाने शाखा घेतलेली मुलं माझ्याकडे येतात. काही कशीबशी तीन वर्षं काढतात, काही मधेच जागा सोडतात आणि वर दंड भरतात. चार लोकांचं म्हणाल, तर त्यांना पुढच्या लग्नापर्यंत काही आठवत नाही. पुढची पस्तीस वर्षं नोकरी तिला करायची आहे.

आता त्या याद्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावसाळ्यात कितीतरी पाड्यांचा रस्ता तुटतो. म्हणून जून ते सप्टेंबरात जिची तारीख आहे, त्या प्रत्येक बाईचं नाव आधी काढावं लागतं. कोणत्या पाड्यावर राहते, आधीचं बाळंतपण अवघड गेलं का, रक्त कमी आहे का, गाडी कुठपर्यंत येते, तिथून झोळीत किती चालावं लागेल, घरची दुसरी मुलं कोण सांभाळेल, हे आशाताईला विचारून नोंदवायचं. मग तारखेच्या काही दिवस आधी तिला केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या सरकारी सोयीत, आणून ठेवायचं. ही यादी मे महिन्यात झाली नाही, तर जुलैत निष्णात स्त्रीरोगतज्ज्ञही काही करू शकत नाही. बाई त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गुरुजी, तुमची मुलगी रविवारी हे करते, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण घ्या. 2020 मध्ये कोरोनाची पहिली लाट ओसरू लागली तेव्हा नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड (तेही मुळात एमबीबीएस) थांबले नाहीत. जिल्हा नियोजनाचा निधी आणि इतर पैसा जुळवून त्यांनी ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. रुग्ण कमी दिसत असताना पैसा मागायला जी हिंमत लागते, तिला मी नेतृत्व म्हणते.

एमबीएबद्दल तुमचा समज साफ चुकीचा आहे. हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकलेला माणूस दारात आलेल्या रुग्णाची व्यवस्था बघतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यावर जबाबदारी असते दारात न आलेल्यांचीही. साधारण तीस हजार वस्तीला एक, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजाराला एक, अशी प्राथमिक आरोग्य केंद्रं, त्यांखालची उपकेंद्रं, लसीकरण, साथी, औषधांचा साठा आणि दरवर्षीचा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा, सगळं त्याच्याकडे. ते पद डॉक्टरचंच आहे. एमबीएने तिथे जाता येत नाही. अभियानात व्यवस्थापकाची पदं आहेत, पण ती कंत्राटी. तिच्यासारख्या मुलीने त्यासाठी लाखो रुपये फी भरणं मला अजिबात पटत नाही.

कम्युनिटी मेडिसिनच्या एमडीलाही नीट-पीजीच द्यावी लागते, तेव्हा अभ्यास सुरूच ठेवायचा.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही वाट सोपी नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली, तर जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. केंद्रातून पुढे पाठवलेल्या बाईला तिथे खाट मिळेलच, असा हुकूम तिला सोडता येणार नाही. रोज बोलून, भांडून, संबंध राखून ते जमवावं लागेल. रिक्त पदं, बदल्या, सदस्यांचे फोन हे तर तुम्ही, गुरुजी, शाळेत असताना भोगलंच आहे. बैठकीत कसं बोलावं, कागदावर काय आणावं, कुठे नमतं घ्यावं, हे तिला तुमच्याइतकं घरात दुसरं कोण शिकवणार?

तिने तालुक्याच्या पातळीवर काही वर्षं काढल्याशिवाय जिल्ह्याच्या खुर्चीची घाई करू नये. आणि एमडीची जागा निवडताना शहराचं नाव न बघता त्या विभागाचं खेड्यातलं काम बघावं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन दोन दिवस राहून यावं, जमलं तर तुम्हीही सोबत जा.