मोठ्या चर्चच्या पास्टरांनी श्रीमंत असणे चूक आहे का? त्यांची नम्रता कशी ओळखावी?

आपली आई नवी मुंबईतील एका मोठ्या फेलोशिपमध्ये जाते, दर महिन्याला न चुकता दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देते, आणि तेथील पास्टरांची गाडी, घड्याळ व परदेशवाऱ्या पाहून आपल्या मनात शंका येते, असे आपण लिहिले आहे. हजारोंच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकाने (पास्टराने) श्रीमंत असणे चूक आहे का, आणि त्याची नम्रता खरी की दिखाऊ हे कसे ओळखायचे, हा आपला प्रश्न. मी ठाण्यातील एका मराठी मंडळीचा खजिनदार म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. आमची मंडळी मध्यम आकाराची आहे. तरीही दानपिशवीत पडलेला पैसा बँकेपर्यंत कसा जातो आणि वाटेत तो कोठे वळू शकतो, हे मी जवळून पाहिले आहे.

माझे मत असे की, पाळकाच्या अंगावर काय आहे यावरून त्याची नम्रता ठरत नाही. त्याचे वेतन कोण ठरवते, आणि त्याला तोंडावर 'नाही' म्हणू शकणारी माणसे त्या मंडळीत आहेत का, यावरून ती ठरते. अमेरिकेतील प्रसिद्ध उपदेशकांच्या पायांतील बूट आणि त्यांच्या किमती दाखवणारे 'प्रीचर्स-एन-स्नीकर्स' नावाचे इन्स्टाग्राम खाते २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याची खूप चर्चा झाली. ती चर्चा मला अपुरी वाटते, कारण तोच उपदेशक उद्या साधी चप्पल घालून व्यासपीठावर उभा राहू शकेल आणि मंडळीच्या खात्यावर मात्र त्याची एकट्याचीच सही चालत राहील.

प्रथम पैसा येतो कोठून ते पाहू. ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चचे जोएल ऑस्टीन पूर्वीच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये, सुमारे १६,००० आसनांच्या सभागृहात उपदेश करतात. ते मंडळीकडून वेतन घेत नाहीत. त्यांची मिळकत पुस्तकांची आहे. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चचे संस्थापक रिक वॉरेन यांच्या २००२ मधील पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. तेव्हा त्यांनी वेतन घेणे थांबवले, मागील २५ वर्षांचे वेतन मंडळीला परत केले आणि मिळकतीचा दहावा भाग स्वतःकडे ठेवून नऊ भाग दान करण्याचा नियम घालून घेतला. वॉरेन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण 'पुस्तकाचा पैसा माझा, अर्पणाचा पैसा देवाचा' ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही. व्यासपीठ मंडळीचे, कॅमेरे मंडळीचे, रविवारी दुपारी पुस्तकांच्या टेबलामागे उभे राहणारे स्वयंसेवकही मंडळीचेच. म्हणजे उपदेशकाची प्रसिद्धी हीच मुळात सर्वांनी मिळून उभी केलेली ठेव असते. वॉरेन यांनी हे ओळखले असावे, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. याच्या अगदी उलट प्रकार सिॲटलच्या मार्स हिल चर्चमध्ये घडला. तेथे पास्टर मार्क ड्रिस्कॉल यांचे पुस्तक सर्वाधिक खपाच्या यादीत चढावे म्हणून मंडळीच्या पैशातून एका व्यावसायिक कंपनीला दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्यात आल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी, त्यांच्या हडेलहप्पी वागण्याबद्दलच्या तक्रारींची चौकशी झाल्यानंतर, ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि ती मंडळीही विसर्जित करण्याचे जाहीर झाले.

खासगी विमानांविषयी बहुतेकांनी वाचलेले असते, म्हणून मी थोडक्यात सांगतो. अमेरिकी उपदेशक क्रेफ्लो डॉलर यांनी २०१५ मध्ये साडेसहा कोटी डॉलरांच्या विमानासाठी अनुयायांना आवाहन केले, आणि २०१८ मध्ये तेथीलच उपदेशक जेसी डुप्लँटिस यांनी ५.४ कोटी डॉलरांच्या विमानासाठी. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकी सिनेटर चक ग्रासली यांनी अशा सहा धर्मसंस्थांकडे खर्चाचा तपशील मागितला होता. ती चौकशी २०११ च्या आरंभी कोणालाही दंड न होता संपली. अमेरिकेत चर्चला वार्षिक आर्थिक विवरणपत्र भरण्यापासून सूट आहे, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला फारसे काही दिसतच नाही.

माझ्या मनाला याहून जास्त लागलेल्या दोन घटना आशियातील आहेत. सोलमधील योइदो फुल गॉस्पेल चर्च १९५८ साली एका लहानशा उपासनेतून सुरू झाले आणि जगातील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक झाले. त्याचे संस्थापक डेव्हिड योंगी चो यांच्या प्रार्थनाशीलतेच्या गोष्टी आमच्याकडच्या कित्येक उपदेशांतही सांगितल्या जात. मुलाच्या कंपनीचे समभाग बाजारभावापेक्षा कितीतरी अधिक किमतीला मंडळीला घ्यायला लावल्याबद्दल २०१४ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले. मंडळीचे नुकसान सुमारे १३ अब्ज वॉन होते, आणि तीन वर्षांची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली. तक्रार केली होती ती त्याच मंडळीतील काही वडिलांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी. ज्याच्या तोंडून आपण प्रभूची ओळख करून घेतली त्याच्याविरुद्ध कागद दाखल करताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो, आणि विश्वासूपणाचे उदाहरण द्यायचे झाले तर मी त्या वडिलांचे देईन.

दुसरी घटना सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चची. तेथील पास्टर काँग ही आणि त्यांचे पाच सहकारी २०१५ मध्ये दोषी ठरले. मंडळीचे सुमारे ५ कोटी सिंगापूर डॉलर गैररीतीने फिरवल्याचा तो खटला होता. त्यातील मोठा भाग पास्टरांच्या पत्नीच्या पॉप गायनाच्या कारकिर्दीकडे वळवण्यात आला होता, आणि गाण्याच्या लोकप्रियतेतून सुवार्ता पोहोचेल असे त्याचे समर्थन केले जात होते. अपिलानंतर काँग ही यांची शिक्षा साडेतीन वर्षांवर आली. या लोकांनी पैसे खिशात घातले असे न्यायालयाने म्हटले नाही. येथे लोभ पैशाचा नव्हता, नाव मोठे होण्याचा होता. 'आपले नाव वाढले की देवाचे कार्य वाढते' हे समीकरण एकदा मनात पक्के बसले की माणूस स्वतःला प्रामाणिक समजतच कोणत्याही थराला जाऊ शकतो. म्हणूनच श्रीमंतीपेक्षा प्रसिद्धी मला अधिक घातक वाटते.

अमेरिकेतील फिरते उपदेशक बिली ग्रॅहम यांच्याकडे प्रसिद्धी कोणाहूनही कमी नव्हती. त्यांनी स्वतःच्या मनावर विसंबून न राहता व्यवस्था उभी केली. १९४८ मध्ये मोडेस्टो या गावी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही नियम ठरवले. त्यांत पैशाबरोबरच उपस्थितीचे आकडे फुगवून सांगायचे नाहीत असाही नियम होता. तरीही १९५० मध्ये अटलांटातील सभा संपल्यावर एका वर्तमानपत्राने पैशांच्या पिशव्या उचलणाऱ्या स्वयंसेवकांचे छायाचित्र त्यांच्या हसऱ्या छायाचित्रासोबत छापले. बेकायदेशीर काही घडले नव्हते, त्या काळी फिरत्या उपदेशकाला शेवटच्या दिवसाचे अर्पण देण्याची रीतच होती. ग्रॅहम यांनी ती रीत सोडली आणि संस्थेच्या मंडळाने ठरवलेले निश्चित वेतन घेऊ लागले. संत पौलानेही करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच केलेले दिसते. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली मोठी रक्कम नेताना तो मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतो आणि कारण सांगतो की, या निधीबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये. स्वतः प्रेषित असूनही त्याने साक्षीदार मागून घेतले.

आमच्याकडे हे कसे चालते तेही सांगतो. उपासना संपली की वेस्ट्रीतल्या (चर्चला लागून असलेल्या खोलीतल्या) टेबलावर दानपिशव्या रिकाम्या केल्या जातात. दशांशाच्या पाकिटांवर नाव आणि महिना असतो. उपकारस्तुतीच्या पाकिटांवर कधी कधी 'मुलाला नोकरी लागली' किंवा 'ऑपरेशन नीट झाले' असे दोन शब्द लिहिलेले असतात. सुट्या नोटांमध्ये एखादी दहाची नोट इतकी बारीक घडी घातलेली असते की ती रुमालाच्या गाठीतून आली आहे हे लगेच कळते. एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघे जण मोजतात, आकडा शाईने वहीत लिहितात आणि दोघेही सही करतात. पाळकसाहेब त्या वेळी दाराशी उभे राहून लोकांना हस्तांदोलन करत असतात. ते त्या टेबलाजवळ येत नाहीत, आणि आले तर मोजणी थांबते. पुढच्या रविवारी सूचनांमध्ये मागील अर्पणाचा आकडा सर्वांसमोर वाचला जातो. पाळकांचे वेतन वरच्या मंडळाच्या श्रेणीनुसार ठरते आणि काही वर्षांनी त्यांची बदली होते. या पद्धतीतही दोष आहेत. जमिनींच्या व्यवहारांवरून आमच्या जुन्या चर्चसंस्थांत वर्षानुवर्षे खटले चालले आहेत, त्यामुळे मोठ्या फेलोशिपांकडे बोट दाखवून आम्ही निर्धास्त राहावे अशी स्थिती मुळीच नाही. पण ती घडी घातलेली नोट हातात घेतलेल्या माणसाला 'पास्टरांची गाडी हा त्यांचा खासगी प्रश्न आहे' हे म्हणणे कधीच पटणार नाही.

याचा अर्थ पाळकाने हलाखीत राहावे असा कोणी काढू नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चांगला कारभार करणाऱ्या वडिलांना दुप्पट सन्मानास योग्य मानावे असे सांगितले आहे, आणि तेथे संदर्भ मजुरीचाच आहे. कळवा, दिवा, घणसोली अशा ठिकाणी भाड्याच्या खोलीत मंडळी चालवणारे कित्येक पास्टर मुलांची फी भरताना मेटाकुटीला येतात. त्यांच्या गरिबीला नम्रता म्हणून वाखाणणे हा मंडळीचा अन्याय आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांची निरिच्छता आपल्याला भारावून टाकते, मात्र त्यांच्या सढळ हाताची झळ घर चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसत होती हेही विसरू नये. मला स्वतःला पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. त्यांची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोहोचली होती, आणि केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास दुष्काळातून आणलेल्या मुली व स्त्रिया मिळून सुमारे दोन हजार जणी राहत होत्या, म्हणजे हातातून जाणारा पैसाही थोडा नव्हता. अमेरिकेतील सहाय्यक मंडळाने दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती मुदत संपताना, १८९८ मध्ये, त्या स्वतः तेथे जाऊन झालेल्या कामाचा वृत्तांत देऊन आल्या.

आता आपल्या आईविषयी. त्यांच्याशी गाडी आणि घड्याळापासून बोलणे सुरू करू नका. तिथे त्यांना त्यांच्या श्रद्धेवर घाव बसल्यासारखे वाटेल. आधी व्यासपीठाशेजारी लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून पाहा आणि पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचा. नाव ट्रस्टचे असेल तर पुढे विचारता येते. पास्टरांचे किंवा त्यांच्या पत्नीचे असेल तर तो पैसा संस्थेच्या हिशेबात जाईलच याची काहीही खात्री नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा चर्चलाही लागू आहे. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि स्थावर मालमत्ता विकायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकांना अवाजवी लाभ दिला तर संस्थेची आयकर सवलतही जाऊ शकते. विश्वस्त कोण आहेत, त्यांत एकाच घरातले किती आहेत, पास्टरांचे वेतन कोणत्या बैठकीत ठरले आणि त्या बैठकीत ते स्वतः बसले होते का, हे आईने नियमित सभासद म्हणून नम्रपणे, शक्यतो लेखी विचारावे. आई मागच्या वेळी आजारी असताना त्या फेलोशिपमधून घरी कोण आले होते, हेही त्यांना आठवू द्या. हजारोंच्या मंडळीत मुख्य पास्टर प्रत्येक घरी येऊ शकत नाहीत हे मान्य, पण कोणालातरी तेवढ्यासाठी नेमलेले असते.

विचारल्यावर काय होते ते नीट पाहा. हिशेबाची प्रत हसतमुखाने हातात ठेवली गेली, तर गाडी कितीही मोठी असली तरी आईचा दशांश निर्धास्तपणे चालू राहू द्यावा. 'अभिषिक्तांविरुद्ध (देवाने नेमलेल्यांविरुद्ध) बोलू नका' असे उत्तर आले, तर आईला देणे थांबवायला सांगू नका, कारण देणे हा त्यांच्या उपासनेचा भाग आहे. त्याऐवजी हिशेब देणाऱ्या एखाद्या लहान मंडळीला किंवा वसतिगृहाला तोच दशांश द्यावा असे सुचवा, आणि पहिल्या महिन्याची पावती घ्यायला त्यांच्यासोबत स्वतः जा.