प्रथिनांचा क्रम वाचण्यासाठी सरकारी निधी मागताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रस्तावाचा मसुदा लक्षपूर्वक वाचला. प्रथिनाच्या एकेका रेणूतील अमिनो आम्लांचा क्रम वाचण्याची तुझी पद्धत खरोखर चांगली आहे, आणि तिच्यासाठी आयार्पा (गुप्तचर यंत्रणांसाठीच्या संशोधनाला निधी देणारी) किंवा डार्पा (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) यांसारख्या अमेरिकी सरकारी संस्थांकडे निधी मागण्याचा तुझा विचार मला योग्य वाटतो. मात्र मसुद्याची सुरुवातीची सगळी पाने यंत्राच्या वर्णनात गेली आहेत आणि जैविक धोक्याचा विषय शेवटच्या परिच्छेदात उरकला आहे. हा क्रम उलटा कर. या संस्था एका जुन्या अडचणीवर उत्तर शोधत आहेत, आणि तुला ती अडचण समजली आहे की नाही हेच त्या आधी पाहतील.

२००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. त्यात ५ जणांचा मृत्यू झाला आणि १७ जण आजारी पडले. त्यानंतर २००३ मध्ये ‘बायोवॉच’ ही योजना सुरू झाली, जिच्यात शहरांतील हवेचे कण गाळणीवर गोळा करून त्यांतील डीएनए पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या तंत्राने, तपासतात. जिवाणू आणि विषाणू यांच्यासाठी ही रीत ठीक आहे. परंतु एरंडाच्या बियांतले रिसिन किंवा बोट्युलिनम हे विष म्हणजे निव्वळ प्रथिन होय. ते शुद्ध केलेले असेल तर त्यात डीएनए जवळजवळ उरतच नाही आणि पीसीआरच्या हाती काही लागत नाही. शिवाय डीएनएच्या प्रती वाढवता येतात, तशा प्रथिनाच्या वाढवता येत नाहीत. नमुन्यात जितके रेणू आले तितक्यांवरच भागवावे लागते. एकेक रेणू वाचणाऱ्या तंत्राची गरज इथून निर्माण होते, आणि तुझ्या प्रस्तावाचे पहिले वाक्य इथूनच सुरू व्हायला हवे.

आज विषारी प्रथिने ओळखण्याचे काम प्रतिपिंडांवर (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंवर) आधारलेल्या चाचण्या आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे तंत्र) करतात. त्यांना कमी लेखू नकोस, कारण तुझे परीक्षक बहुधा त्याच क्षेत्रातले असतील. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या अमिनो आम्लांचे वस्तुमान सारखेच असल्याने मास स्पेक्ट्रोमेट्रीला त्यांतला फरक सहजी कळत नाही, हे तू लिहिले आहेस ते बरोबर आहे. पण तुझ्या पद्धतीला तो फरक कळतो का, हे मसुद्यात कुठेच नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. रिसिनसोबत एरंडाच्या बीमध्ये त्याच्याशी अगदी जवळचे नाते असलेले, पण कितीतरी कमी विषारी असे अग्लुटिनिन (रक्तपेशींच्या गुठळ्या करणारे प्रथिन) असते. दोन्ही प्रथिने ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन प्रकारच्या साखळ्यांची बनलेली असतात. दोघांच्या ‘अ’ साखळ्या सुमारे ९३ टक्के आणि ‘ब’ साखळ्या सुमारे ८४ टक्के सारख्या आहेत. प्रतिपिंडांना हा फरक ओळखताना अडचण येते. क्रम वाचणाऱ्याला ती येऊ नये. पण साखळीचा नेमका कोणता तुकडा वाचला तर फरक कळेल आणि तो तुकडा तुझ्या यंत्रात किती खात्रीने वाचला जाईल, हे तू दाखवले पाहिजेस. दुसरे असे की, उष्णतेने निकामी झालेल्या रिसिनचा क्रम आणि सक्रिय विषाचा क्रम एकच असतो. विष अजून मारक आहे का, हे क्रमावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या क्रियेची वेगळी चाचणी लागते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने बोट्युलिनमसाठी विकसित केलेली पद्धत म्हणूनच विष एका पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे) तुकडे करते की नाही हे मोजते. ही मर्यादा तू स्वतःहून लिही. परीक्षकाने ती शोधून काढण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

खोट्या इशाऱ्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनमधील बायोवॉचच्या गाळण्यांवर तुलारेमिया या रोगाच्या जिवाणूचे डीएनए सापडले, पण त्यामुळे कोणी आजारी पडल्याचे आढळले नाही. तो जिवाणू निसर्गातही असतो. प्रथिनांच्या बाबतीतही हेच होईल. आपल्याकडे एरंडीची पेंड शेतात खत म्हणून घालतात, आणि तेल काढल्यावर रिसिन पेंडीतच राहते. अशा शेताच्या धुळीत रिसिनचे तुकडे सापडले तर तो हल्ला नव्हे, हे ओळखण्यासाठी किती प्रमाण नेहमीचे आणि किती संशयास्पद हे आधी मोजून ठेवावे लागेल. तुझे सर्व निकाल स्वच्छ द्रावणातले आहेत. धूळ, रक्त, दूध अशा मिश्र नमुन्यांतले थोडेसे, अगदी कच्चे निकालही त्या सुंदर आलेखांपेक्षा अधिक वजनदार ठरतील.

सत्तरच्या दशकात डार्पाचे संचालक असलेल्या जॉर्ज हाइलमायर यांनी संशोधकांना विचारायचे काही प्रश्न ठरवून दिले होते, आणि ते आजही विचारले जातात: तुम्ही काय करू पाहता ते पारिभाषिक शब्द न वापरता सांगा; आज ते कसे होते आणि त्यात उणीव काय; यश मधल्या टप्प्यावर आणि शेवटी कसे तपासायचे? शेवटच्या प्रश्नाला तू अजून उत्तर दिलेले नाहीस. आयार्पाच्या कार्यक्रमांत संशोधकांचे दावे स्वतंत्र चमू तपासतो, आणि टप्प्याचे लक्ष्य गाठले नाही तर पुढचा निधी थांबू शकतो. म्हणून नमुन्यात किमान किती रेणू हवेत, निकालाला किती वेळ लागेल, खोटे इशारे किती चालतील, हे आकडे तूच आधी मांड, आणि पहिल्या टप्प्यासाठी झेपतील एवढेच मांड.

गुप्तचर यंत्रणेचा पैसा घ्यावा का, असा संकोच तू पत्रात व्यक्त केला आहेस. १९७२ चा जैविक शस्त्रांविरुद्धचा करार संरक्षणासाठीच्या संशोधनाला मुभा देतो, आणि ओळख पटवणारे तंत्र हे निःसंशय संरक्षणाचे आहे. तरीही विषात कोणता बदल केला तर ते तुझ्या यंत्रातून निसटेल, याचे तपशील खुल्या प्रस्तावात लिहू नकोस. ते कोणाला आणि कसे कळवायचे हे निधी देणाऱ्यालाच विचार. १९८५ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षीय निर्देशानुसार मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहावेत असे धोरण आहे, पण प्रत्येक करारातली कलमे वेगळी असू शकतात. तू अजून व्हिसावर आहेस, त्यामुळे प्रकाशनावरील बंधने आणि परदेशी नागरिकांच्या सहभागाबद्दलच्या अटी सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाकडून लेखी समजावून घे. सुधारलेला मसुदा तयार झाला की मिश्र नमुन्यांच्या निकालांसह पाठव. मी तो ताबडतोब वाचेन.

तुझा हितचिंतक