राखीव बाकावरून मुख्य पाचात : बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डसाठी

*बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत खो-खो खेळायचे, बास्केटबॉल कॉलेजात आल्यावर धरला. वेग आहे, पण सामन्यात सहा-सात मिनिटंच मिळतात. हाफलाइन ओलांडली की दोघी अंगावर येतात आणि चेंडू जातो. पीडी (क्रीडा संचालक) सर म्हणतात, 'मान वर ठेव.' मुख्य पाचात यायला नेमकं काय करू?*
— विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

चेंडू कुठे जातो ते तूच लिहिलंयस, निम्मं निदान तिथेच झालं. हाफलाइन ओलांडली की चेंडू घेऊन मागे फिरता येत नाही. त्यामुळे ती रेषा आणि बाजूची रेषा या प्रतिस्पर्ध्यांच्या दोन फुकटच्या खेळाडू होतात. त्या कोपऱ्यात खऱ्या दोघी आल्या की तू चौघींत सापडतेस. कोर्ट 15 मीटर रुंद असतं. मधला 5 मीटरचा पट्टा खडूने आख आणि सरावात हाफलाइन फक्त त्या पट्ट्यातूनच ओलांड. ओलांडल्यावर लगेच थांबायचं नाही, निदान दोन ड्रिबल (चेंडूचे टप्पे) तरी पुढे जायचं. दुसरी डिफेंडर रेषेच्या अलीकडेच येताना दिसली, तर दोन ड्रिबल मागे सरक, दोघींमधलं अंतर वाढू दे आणि मग दिशा बदल. चेंडू हाफलाइनपुढे नेण्यासाठी नियमाने 8 सेकंद मिळतात. सरावात 6 धर, म्हणजे मागे सरकायला दोन सेकंद शिल्लक राहतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरून चेंडू दोन्ही हातांत धरणं. ड्रिबल संपला की पिव्हटशिवाय (एक पाय रोवून जागीच फिरण्याशिवाय) हलायला काही उरत नाही, आणि समोरची एक मीटरच्या आत चिकटली तर 5 सेकंदांत चेंडू सोडावाच लागतो. उडी मारून पास देणं ही तिची सख्खी बहीण. पाय जमिनीवरून सुटले की विचार बदलायची सोय नसते.

मान वर ठेवायची सवय सांगून लागत नाही. मैत्रिणीला दुसऱ्या टोकाला उभं कर. तिने बोटं दाखवायची, तू ड्रिबल करता करता आकडा ओरडून सांगायचा. रोज वीस मिनिटांतली पंधरा डाव्या हाताला दे (डावखुरी असशील तर उलट). मोकळ्या जागेत चेंडू कमरेपर्यंत, अंगावर कुणी असेल तर गुडघ्याखाली. खो-खोमुळे खाली वाकून पळणं, झटकन थांबणं, हूल देणं तुझ्या अंगात आहेच. बाकीच्या मुलींना ते शिकवायला वर्ष जातं. तुला फक्त त्या हुलीसोबत चेंडू न्यायला शिकायचंय.

आता सहा मिनिटांबद्दल. तेवढ्या वेळात सर तुझे पॉइंट मोजत नाहीत. तू असताना संघाची घडी विस्कटते का, एवढंच ते पाहतात. बाकावरच्या मैत्रिणीकडे वही दे आणि तीन रकाने पाडायला सांग : तुझ्या पासवर झालेली बास्केट, तू घालवलेला चेंडू, समोरच्यांच्या पासला लागलेला तुझा हात. पहिले दोन आकडे सारखे आले तर ठीक. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट झाला की मिनिटं मागावी लागत नाहीत.

शेवटची दोन मिनिटं मात्र वेगळ्या गोष्टीवर मिळतात. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता रिंगवर फेक) मिळतात. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो, आणि तोही फ्री थ्रो चुकवणारी शोधून. तू ती असशील तर कोणताही कोच शेवटी चेंडू तुझ्या हातात ठेवणार नाही. म्हणून फ्री थ्रो ताज्या अंगाने शंभर मारू नकोस. कोर्टाच्या दोन फेऱ्या पळ, दोन मार, पुन्हा पळ. असे दहा वेळा. वीसात 14 गेले की 16 चं लक्ष्य ठेव.

*थ्री पॉइंटर रिंगपर्यंत पोहोचतच नाही. व्यायामशाळेत जाऊन दंड वाढवू का?*
— कॉलेज खेळाडू, निपाणी

दंड वाढवून फार फरक पडणार नाही, जोर पायांतून येतो. 6.75 मीटरवरून हातांनी चेंडू ढकलला की तो चपटा जातो आणि रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो. आधी बघ, चेंडू हातात येतो तेव्हा गुडघे वाकलेले असतात का. बहुतेकींचे नसतात. चेंडू घेऊन मग वाकतात, तोवर डिफेंडर पोहोचलेली असते. एक मीटरवरून एका हाताने दहा, रिंगच्या कडांना न लागता आत जायला हवेत. मग एकेक पाऊल मागे. ज्या पावलावर उडी मारताना अंग पुढे झुकायला लागेल, तिथेच थांब, महिनाभर तेच तुझं अंतर. चेंडू डावी-उजवीकडे जात असेल तर आधार देणाऱ्या हाताचा अंगठा शेवटी धक्का देतोय, असं समज.

सरावाचा चेंडू सहा नंबरचाच आहे ना, तेही पाहा. मुलांचा सात नंबरचा मोठा आणि जड असतो. बऱ्याच कॉलेजांत तोच एक चेंडू असतो.

*मुलीची उंची पाच फूट दोन इंच. हा खेळ उंच मुलींचा, असं सगळे म्हणतात. वेळ वाया तर जात नाही ना?*
— पालक, चिकोडी

2007 आणि 2008 मध्ये अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाने लागोपाठ महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांची पॉइंट गार्ड शॅनन बॉबिट हिची उंची तुमच्या मुलीएवढीच होती. पुढे ती व्यावसायिक लीगमध्येही खेळली. पण उंची काहीच आड येत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. उंच मुलीसमोर नेहमीचा लेअप (रिंगजवळ धावत जाऊन टाकलेला चेंडू) अडवला जातो. त्यासाठी तिला फ्लोटर यायला हवा : रिंगपासून दोन-अडीच मीटरवर, अडवणारी उडी घ्यायच्या आधीच, उंच कमान देऊन सोडलेला मऊ चेंडू. आणि बचावात तिने संपूर्ण कोर्टभर चेंडूवालीला चिकटून राहावं. बुटक्या गार्डचा हात ड्रिबलच्या उंचीवरच असतो.

*संघात निम्म्या मुली मराठी, निम्म्या कन्नड. गार्ड बोलत नाही. बोललीच तर निम्म्यांना कळत नाही.*
— क्रीडा शिक्षिका, खानापूर तालुका

तुमची अडचण भाषेपेक्षा वेळेची जास्त आहे, मॅडम. पाठीमागून स्क्रीन (वाट अडवून उभी राहणारी खेळाडू) येतोय हे सांगायला अर्धा सेकंद मिळतो, त्यात वाक्य बसत नाही. पाच-सहाच हाका ठरवा आणि त्या सगळ्यांच्या एकच असू द्यात. डावीकडे 'एडगडे', उजवीकडे 'बलगडे', मागे 'हिंदे' हे शब्द आपल्याकडच्या मराठी मुलींच्या कानांवरून रोज बसमध्ये जातातच. हल्ल्याच्या चालींना शब्द नकोत, बोटं आणि आकडे ठेवा.

स्क्रीन लागल्यावर गार्डने काय पाहायचं, हे मात्र समजावून द्या. तिची डिफेंडर स्क्रीनच्या मागून गेली तर तिथूनच शॉट. वरून पाठलाग करत आली तर फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्याकडे ड्राइव्ह. दोघी अंगावर आल्या तर दोन ड्रिबल मागे, आणि स्क्रीन लावणारी रिंगकडे वळली असेल तिला पास. आठवड्याला एकच पर्याय घ्या. तिन्ही एकदम शिकवले की मुलगी सामन्यात विचार करत उभी राहते.

*मुलगी सकाळी सातच्या बसने जाते, सराव चारला, घरी यायला साडेसात. सारखी दमलेली असते. डब्यात काय देऊ?*
— आई, संकेश्वर

आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींमध्ये 12 च्या खाली आलं तर तो रक्तक्षय, आणि त्यावर डबा पुरत नाही, डॉक्टर लागतात. डब्यात भाकरी, मटकीची उसळ आणि लिंबाची फोड द्या. लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो ते अडवतो. सरावाच्या पाऊण तास आधी केळं आणि एक शेंगदाण्याचा लाडू. नुसत्या चहा-बिस्किटावर चार वाजता पळायला लावलं की साडेपाचला पाय ओढायला लागतात आणि उडीनंतर गुडघा आत वळतो. दुखापती होतात त्या अशाच. म्हणून उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे पंज्यांच्या रेषेत आणि आवाज न करता उतरायला तिला सांगा.

*मोबाइलवर अमेरिकेचे कॉलेज सामने बघतो. त्यांच्या गार्ड चेंडू केवढा वेळ खेळवतात! आम्ही तसं केलं की शिट्टी वाजते.*
— दोन मैत्रिणी, अथणी

तिकडच्या कॉलेज सामन्यांत शॉटसाठी 30 सेकंद मिळतात, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमाने 24. हल्ल्यात रिंगला लागून परतलेला चेंडू (रीबाउंड) आपणच घेतला तर फक्त 14. सहा सेकंद म्हणजे एक पूर्ण चाल. त्यांच्याकडून पाहायचं तर चेंडू हातात नसताना गार्ड कुठे जाऊन उभी राहते, ते पाहा.