गाडी धुऊनही रंगावर हात फिरवला की खरखर लागते. क्ले बार (रंगावरची चिकटलेली घाण काढायची मऊ, मातीसारखी वडी) वापरू का?

हो, वापरा, पण गाडी धुऊन झाल्यावर आणि सावलीत, पत्रा गार असताना. शाम्पूने न निघणारे ब्रेकचे लोखंडी कण आणि डांबराचे बारीक शिंतोडे क्ले ओढून काढतो. 50 ग्रॅमचा तुकडा चपटा करा, दोन बाय दोन फुटांवर क्ले लुब्रिकंट (क्ले सहज घसरावा म्हणून मारायचा द्रव) सढळ हाताने फवारा आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवा. कोरडा फिरवलात तर ओरखडे ठरलेलेच. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू घ्या. जमिनीवर पडलेला तुकडा कितीही महागाचा असो, फेकाच. त्यात वाळू रुतते. मात्र क्लेबरोबर जुनं वॅक्सही निघतं, तेव्हा नवं लगेच लावा.