वाचक विचारतात : लेक लुईसच्या काठाने ग्लेशियरकडे

मागच्या अंकात कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमधल्या लेक लुईसवर लिहिलं होतं. त्यावर आलेले बरेचसे प्रश्न एकाच वाटेबद्दलचे निघाले, तळ्याच्या काठाने व्हिक्टोरिया ग्लेशियरकडे जाणारी 'प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्स'ची वाट. म्हणून यावेळी तेवढंच घेते.

प्रश्न : मुलगा कॅल्गरीला असतो, जुलैत आम्ही दोघं जातोय. माझं वय ६४, ह्यांचं ६८. रोज तासभर चालतो पण ह्यांचे गुडघे चढाला कुरकुरतात. मुलगा म्हणतो सोपी वाट आहे. खरंच जमेल?

मुलांचं सोपं आणि आपलं सोपं यात फरक असतो ताई, त्यामुळे आकडेच बघा. तळ्याचा काठ साधारण दोन किलोमीटर, अगदी सपाट, व्हीलचेअर आणि बाबागाड्यासुद्धा दिसतात. वाटेवर पुढे डोंगरात चहा-खाण्याचं एक छोटं ठिकाण आहे, टी हाऊस, ते मात्र सुरुवातीपासून साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे आणि एकूण चढ सुमारे ३६५ मीटर, आता पहिल्या दोन किलोमीटरला चढ जवळजवळ नाहीच म्हटल्यावर तो सगळा उरलेल्या साडेतीनमध्ये येतो हे लोक सांगत नाहीत. अंगावर येणारा चढ नाही, पण संपतही नाही. वरच्या भागात झाडं मागे पडतात, ऊन थेट डोक्यावर येतं, एके ठिकाणी कड्यालगत वाट अरुंद होते. पायाखाली सुटी खडी असते. वाटेवर घोडेही चालतात, त्यामुळे खाली बघून चाला, लीद असते.

धडधाकट माणसाला जाऊनयेऊन चार तास लागतात, तुम्ही सहा धरा. गुडघ्यांना खरा त्रास चढताना नाही, उतरताना होतो, तेव्हा ह्यांच्यासाठी दोन काठ्या घ्याच, एक नाही. आणि तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पोचलात की तिथे बसून नीट ठरवा. बहुतेक गर्दी तोपर्यंत गळालेली असते, समोर उंच कडे, त्यावर दोर लावून चढणारी मंडळी, तिथूनच परत फिरलात तरी दिवस फुकट गेला असं अजिबात नाही.

गाडी घेऊन थेट तळ्यापाशी जायचा विचार असेल तर पार्किंग भल्या पहाटे भरतं, मुलाला म्हणावं पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे तिथल्या उद्यान खात्याच्या, शटल बसचं बुकिंग आधीच करून ठेव.

प्रश्न : फोटोत पाणी एवढं निळंहिरवं दिसतं ते एडिट केलेलं असतं का? आणि एप्रिलमध्ये गेलो तर तसं दिसेल?

एडिट करणारे करतातच, पण रंग खरा आहे. वरचं ग्लेशियर सरकताना खालचा खडक घासत जातं, त्याची इतकी बारीक पूड होते की ती पाण्यात पटकन खाली बसतच नाही, तरंगत राहते. पाणी लाल रंग शोषतं आणि ही पूड निळाहिरवा उजेड परत फेकते. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर तळ्याच्या त्या टोकाला जा जिथे वरून ओढा येऊन मिळतो. तिथलं पाणी निळं नसतंच मुळी, राखाडी, गढूळ, आणि काठाला मऊ गाळ साठलेला. जड गाळ तिथेच बसतो, हलका पुढे जातो, आणि वाट सुरू होते त्या काठावरच्या मोठ्या हॉटेलच्या बाजूला पोचेपर्यंत त्याच गढूळ पाण्याचा तो फोटोतला रंग झालेला असतो.

एप्रिलमध्ये मात्र बर्फ बघायला मिळेल. १७३० मीटर उंचीवरचं तळं आहे, मे अखेर-जूनपर्यंत गोठलेलं असतं. शिवाय वरच्या वाटेवर तेव्हा अॅव्हलांचचा, म्हणजे वरून बर्फ कोसळण्याचा, धोका असतो. रंग हवा असेल तर जुलै-ऑगस्ट.

जाता जाता, ते मोठं हॉटेल उभं आहे ना, ती जमीन म्हणजे या ग्लेशियरनेच हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेला दगडमातीचा बांध, त्याच्यामागे पाणी अडलं आणि तळं झालं. म्हणजे तुम्ही चालायला सुरुवात करता तिथे एकेकाळी बर्फाचं टोक होतं.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी टी हाऊसच्याही पुढे गेलो, पण ग्लेशियर दिसलंच नाही! खाली नुसते दगडमातीचे ढिगारे, बर्फ होता तो लांब वर कड्यावर. चुकीच्या ठिकाणी गेलो का?

बरोबर ठिकाणी गेलात. ज्याला ढिगारा समजून फोटोही काढला नाहीत तेच ग्लेशियर होतं! व्हिक्टोरियाचा खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला आहे, दोन्ही बाजूच्या कड्यांवरून वर्षानुवर्षं दगड पडत राहतात, वरचा बर्फ वितळला की ते पृष्ठभागावर साचतात. आणि यात एक गंमत आहे, मातीचा पातळ थर असेल तर तो ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, पण थर जाड झाला की तोच खालच्या बर्फाला गोधडीसारखा झाकून ठेवतो. पुढच्या वेळी दुर्बीण न्या आणि जिथे खडी घसरून गेलीये तिथे बघा, काळपट ओलसर चमकणारी भिंत दिसेल. तो बर्फ.

वर कड्यावर पांढराशुभ्र लटकलेला दिसला तो वरचा भाग, त्याचे तुकडे अधूनमधून खाली कोसळतात, दुपारी उन्हं तापली की लक्ष ठेवा. आधी पांढरी धूळ उडताना दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला काहीच दिसत नाही, हे तिथे दर वेळी होतं.

माझं मत विचाराल तर टी हाऊसवरून परत फिरणाऱ्यांचं खरं नुकसान होतं, पुढचा दीडेक किलोमीटर हाच या वाटेचा जीव आहे.

प्रश्न : मग खाली उतरून त्या बर्फावर चालता येईल का?

नाही. गाईड, दोर आणि ट्रेनिंग असल्याशिवाय नाहीच. खडीखाली भेगा असतात त्या दिसत नाहीत, आणि तुम्ही ज्या मोरेनच्या, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाच्या, कडेवर उभे असता ती कडाही ढासळती आहे. वर लेफ्रॉय आणि व्हिक्टोरिया या दोन शिखरांमधल्या चिंचोळ्या भागाला गिर्यारोहक 'डेथ ट्रॅप' म्हणतात, वरून बर्फ कोसळतो म्हणून. १८९६ मध्ये फिलिप अॅबट हा अमेरिकन गिर्यारोहक लेफ्रॉयवरून पडून मरण पावला, वरच्या खिंडीला त्याचंच नाव आहे. त्या खिंडीत १९२२ मध्ये बांधलेली दगडी झोपडी होती, तिच्याखालची कायम गोठलेली जमीन वितळून उतार ढासळायला लागला आणि २०२२ मध्ये ती उतरवावी लागली. शंभर वर्षं टिकली होती.

प्रश्न : अस्वलं असतात म्हणे. आणि टी हाऊसवर काय मिळतं?

ग्रिझली आणि काळं, दोन्ही असतात. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर फवारायचा तिखट स्प्रे, तिथेच घ्या, विमानात नेता येत नाही, ना हातातल्या ना चेक-इनच्या बॅगेत. आणि घेतला तर कमरेला लावा, सॅकच्या तळाशी ठेवून काय उपयोग. वळणांवर मोठ्याने बोलत चला. एरवी मोठ्या आवाजाबद्दल आपण बोलणी खातो, इथे तो कामाला येतो.

टी हाऊस १९२० च्या दशकात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या स्विस गाईडांनी गिर्यारोहकांसाठी बांधलं. अजूनही वीज नाही, जड सामान सीझनच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने वर येतं. चहा, सूप, सँडविच, केक असं मिळतं, दुपारी रांग लागते. रोख डॉलर जवळ असू द्या आणि पाणी-खाणं स्वतःचं न्याच.

प्रश्न : मुलीला प्रोजेक्टसाठी तिथला एखादा दगड आणला तर चालेल?

चालणार नाही, नॅशनल पार्कमधून दगड, फुलं, शिंगं काहीही उचलणं बेकायदेशीर आहे, दंड होतो. ड्रोनलाही परवानगीशिवाय बंदी आहे, तोही घरीच ठेवा.